परतीची सात-चाळीस

"सात-चाळीस ठेवलीत, बेस केलंत," मिशीवाला ड्रायव्हर जाता जाता म्हणाला आणि मी हसून मान डोलावली. डेपोत सकाळी कोणी काहीही बोललं तरी मी आधी मान डोलावतो आणि मग ऐकतो, ही माझी जुनी खोड. जिन्याच्या चौथ्या पायरीवर मला ते ऐकू आलं. सात-चाळीस म्हणजे तळ्यावरून परत येणारी संध्याकाळची शेवटची बस. ती फक्त उन्हाळ्यात असते. उन्हाळा संपायला सहा दिवस राहिले होते, आणि तो संपला की ती बसही संपते, सव्वीस वर्षं संपते आहे, कारण वेळापत्रक मी करतो आणि मीच तिला दरवर्षी स्वतःच्या हाताने काढतो. मी चार पायऱ्या परत उतरलो. दाराशेजारी नवं पत्रक लावलेलं होतं, पानगळीचं, एक तारखेपासून लागू. आदल्या संध्याकाळीच ते चौदाही थांब्यांवर लागलं होतं. चष्मा वर केला, खाली केला. पाच-वीसच्या शेजारचा रकाना कोरा असायला हवा होता, आणि तिथे ठसठशीत काळ्या आकड्यांत सात-चाळीस छापलेली होती. खाली एकेका थांब्याची वेळ. दवाखाना आठ-सव्वीस, डेपो आठ-एकतीस. एका मिनिटाचाही घोळ नव्हता. बस तेवढी नव्हती. तिला ड्रायव्हर नेमलेला नव्हता, गाडी नेमलेली नव्हती, ती फक्त माझ्या कागदावर धावत होती.

आमच्या कामाची पद्धत सांगितल्याशिवाय ही चूक किती मोठी ते कळायचं नाही. एक लांबलचक कागद असतो. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला थांबे, आणि प्रत्येक बस म्हणजे एक तिरकी रेघ. वर्षभर धावणारी बस काळ्या पेन्सिलीने काढायची, फक्त उन्हाळ्यातली लाल पेन्सिलीने. ऋतू बदलला की त्या कागदावर पातळ ट्रेसिंगचा कागद पसरायचा आणि खालच्या फक्त काळ्या रेघा वर उतरवायच्या. लाल सोडून द्यायच्या. बस्स. एवढंच. साहेबांनी दोन वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर संगणक आणून ठेवला, त्यात मी शेवटी आकडे भरतो आणि एरवी त्याच्यावर माझा डबा ठेवतो, कारण तो कोमट असतो. पण रेघ आधी कागदावर, यात तडजोड नाही. डेपोत मला मिनिटसाहेब म्हणतात. थोडं कौतुकाने, बरंचसं टिंगलीने, पण सव्वीस वर्षांत एक मिनिट इकडचं तिकडे झालेलं कोणी दाखवावं. आणि मी एक अख्खी बस चुकलो होतो. मी आंधळा नाही, रंगांधळाही नाही. छापायला जाण्यापूर्वी ते पत्रक मी दोनदा तपासलं होतं, बोट ठेवून, मोठ्याने वाचत. माझं बोट सात-चाळीसवरून दोनदा गेलं होतं आणि मला काही खटकलं नव्हतं. चुकीपेक्षा मला याचीच जास्त धास्ती वाटली. म्हणजे माझ्या आत कोणीतरी बसलेलं होतं, माझ्याच खुर्चीत, माझीच पेन्सिल घेऊन, आणि त्याने मला काही विचारलं नव्हतं.

वर जाऊन मी कपाटातून तो ट्रेसिंगचा कागद काढला. रेघ होती. इतर रेघांपेक्षा किंचित जाड, पेन्सिल दाबून ओढलेली. कोपऱ्यात माझ्याच अक्षरात तारीख होती, गेल्या महिन्याची तेवीस, आणि ती वाचल्यावर मला सगळं आठवलं. दुपारची वेळ, खिडकीतून येणारं ऊन टेबलाच्या कडेपर्यंत सरकलेलं. ते उन्हाळ्यात टेबलाच्या मध्यापर्यंत येतं, त्यामुळे ऋतू बदलल्याचं मला माझं टेबलच सांगतं. फोन वाजला. भिंगरी होती. भिंगरी म्हणजे माझी मुलगी. लहानपणी एका जागी टिकत नसे म्हणून हे नाव पडलं आणि आता चोवीस वर्षांची घोडी झाली तरी सुटलं नाही. म्हणाली, "बाबा, मला नोकरी लागली. तळ्यावरच्या प्रयोगशाळेत. पाणी तपासायचं." मी म्हणालो, "अभिनंदन." एखाद्या ग्राहकाला म्हणावं तसं. मग तिने सांगितलं की काम संध्याकाळी सातला संपतं आणि एक तारखेनंतर परतीची शेवटची बस पाच-वीसचीच, हे तिने बघून ठेवलं आहे, तेव्हा तिथेच एक खोली घेते. "पोस्टाच्या वरची खोली आहे बाबा, खिडकीतून तळं दिसतं." मी "छान, छान" म्हणालो, फोन ठेवला आणि पुन्हा कागदावर वाकलो. पुढचं आठवत नाही. पण कागदावर होतं.

खरी गंमत त्या रात्रीच्या जेवणाची. बायको म्हणाली, "अहो, संध्याकाळी एखादी बस नाही का ठेवता यायची? तुमच्याच हातात तर आहे." मी चमचा खाली ठेवला. चमचा खाली ठेवून बोललो की मी स्वतःलाच फार मोठा वाटतो. म्हणालो, "एका माणसासाठी बस धावत नसते. उद्या प्रत्येक बाप आपल्या मुलीसाठी बस मागेल. तीन वर्षांपूर्वी ती फेरी पानगळीत महिनाभर चालवून बघितली होती, चार प्रवासी मिळाले, त्यातला एक ड्रायव्हरचा मेहुणा. आकडे आहेत माझ्याकडे." भिंगरी ताटाकडे बघत होती. बायकोने विषय सोडला, आणि माझ्याशी बोलणंही सोडलं म्हणा ना. महिनाभर घरात "हो", "नाही" आणि "मीठ हवंय का" एवढाच संसार चालला होता. मी समजलो की ती माझ्यावर रागावली आहे, आणि मनातून मला तो राग पटतही होता. आणि हे भाषण मी ठोकलं तेव्हा ती रेघ ओढून सहा तास झाले होते. तत्त्वाचा माणूस तत्त्व सांगत होता आणि त्याच्या कपाटात बस उभी होती.

साहेबांकडे मी स्वतःहून गेलो. साहेब माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण मला उठून खुर्ची देतात, त्यामुळे मला त्यांच्यावर धड रागावताही येत नाही. मी पत्रक टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "चूक झाली. माझी." त्यांनी पत्रक पाहिलं, मला पाहिलं, आणि त्यांना हसू आलं ते त्यांनी खोकल्यात दडपलं. "मिनिटसाहेब, तुम्ही चुकता हे बघायला मी इथे बदली मागून आलो असतो," ते म्हणाले. मग गंभीर झाले. "दोनच मार्ग आहेत. पट्ट्या चिकटवून फेरी झाकून टाकू, नाहीतर चालवू. एक गाडी संध्याकाळी डेपोत रिकामीच असते. मिशीवाले म्हणतात मी नेतो, त्यांना तळ्यावरची हवा मानवते. वर मी सांगेन, प्रायोगिक फेरी. तुम्ही इतक्या वर्षांत स्वतःसाठी कधी काही मागितलं नाहीत." मुलीची नोकरी त्यांना ठाऊक होती. डेपोत सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, एक सोडून दोन ड्रायव्हर एकाच सासुरवाडीचे आहेत. "उद्या सकाळपर्यंत सांगा," ते म्हणाले. मी म्हणालो, "नियमाने बघायला गेलं तर..." आणि वाक्य पुरं केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला नियम पुढे आठवेना.

त्या दिवशी मी घरी चालत गेलो. डेपोपासून आमच्या दवाखान्याच्या थांब्यापर्यंत अकरा मिनिटं लागतात, मूल कडेवर असेल तर सतरा. हे सतरा मला उगीच माहीत नाही. भिंगरी पाच-सहा वर्षांची असताना उन्हाळ्यातल्या दर रविवारी मी तिला तळ्यावर न्यायचो. दिवसभर पाण्यात डुंबून ती परतीच्या सात-चाळीसमध्ये बसली की तिसऱ्या थांब्याला झोपायची, ओले केस माझ्या बाहीवर. दवाखाना यायचा. उठवावं लागणार. आणि मी, ज्याने डेपोतल्या घड्याळाला दोनदा दुरुस्तीला पाठवलं होतं, तो मी घंटीच्या दोरीकडे हात न्यायचो आणि परत घ्यायचो. थांबा निघून जायचा. पाच मिनिटांनी डेपो, तिथे बस रिकामी व्हायची, दिवे जायचे, मग मी तिला खांद्यावर टाकून सतरा मिनिटं उलटा चालत यायचो. तिचं वजन, गळ्यावर तिचा गरम श्वास, रस्त्यावरून दुकानांची फळकुटं लागल्याचे आवाज. दारात बायको उभी. मी म्हणायचो, "बसला उशीर झाला." आणि बायको म्हणायची, "तुमच्या बसला रविवारीच बरा उशीर होतो." एवढं एक खोटं मी आयुष्यात नेमाने बोललो. त्या रस्त्याने आता मी एकटा चालत होतो, पहिली वाळकी पानं पायाखाली येत होती, उन्हाला धार राहिली नव्हती, आणि मला हसू येत होतं. मी मनातल्या मनात सात-चाळीस चालवून बघत होतो. भिंगरी रोज आठ-सव्वीसला उतरेल. साडेआठला ताटं. बायको बोलू लागेल. चूक झाली ती झाली, मी म्हटलं, चांगली झाली. खरं सांगतो, त्या अकरा मिनिटांत माझ्याइतका सुखी माणूस त्या रस्त्यावर कोणी नसेल.

घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. बायको दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे, आणि मिशीवाला दुपारी दाढ दाखवायला गेला होता. तोंडात आरसा असताना माणसं इतकं कसं बोलतात मला कळत नाही, पण त्याने सगळं सांगितलं होतं. दार उघडताच बायको म्हणाली, "या. एका माणसासाठी बस धावत नसते ना?" आणि महिन्याभराने अशी हसली की मी चपला काढायचं विसरलो. ती गुणगुणत होती. भिंगरीचा टॉवेल तिने खोक्यातून काढून पुन्हा दांडीवर टाकला होता. आमच्या न्हाणीघराच्या दारावर मी कोणी किती वाजता आंघोळ करायची त्याचं पत्रक लावलेलं आहे. त्यावर भिंगरीच्या ओळीसमोर बायकोने मागेच "रद्द" असं लिहिलं होतं, ते आता खोडरबराने पुसलेलं दिसलं. मी म्हणालो, "अजून नक्की नाही, साहेबांना उद्या सांगायचंय." बायको म्हणाली, "सांगायचंय काय त्यात? हो म्हणायचं."

भिंगरी तिच्या खोलीत जमिनीवर बसली होती, चार खोक्यांच्या मधोमध, आणि काही बांधत नव्हती, सोडतही नव्हती. मला बघून म्हणाली, "ये बाबा." मी एका खोक्यावर बसायला गेलो तर ओरडली, "त्यावर नको, त्यात दिवा आहे." मी पलंगाच्या कडेला टेकलो. खोक्याच्या झाकणावर एक कागद चिकटवलेला होता. आलेखाचा कागद, माझ्याच कपाटातून पळवलेला. वर लिहिलं होतं, पानगळीचं पत्रक, लागू एक तारखेपासून. मला वाटलं माझी टवाळी आहे, म्हणून मी हौसेने वाचायला लागलो. सात वाजता उठणे, बहुधा. सव्वासात, खिडकीत बसणे. साडेसात, अजून खिडकीतच. नऊ ते सात, पाणी. सातनंतर एक लांब मोकळी पट्टी, थेट झोपेपर्यंत, आणि तिच्यावर बारीक अक्षरात, "मनाला येईल ते. जेवण वाटेल तेव्हा. कुणाशीही न बोलता चालेल." टवाळी थोडी होती, पण बाकीचं तिने अगदी मन लावून केलं होतं. आकडे सरळ रेषेत, रकाने पट्टीने आखलेले. चोवीस वर्षं जी मुलगी माझ्या न्हाणीघराच्या पत्रकाखाली वाढली तिने पहिल्यांदाच स्वतःचं वेळापत्रक केलं होतं, आणि त्यातली सगळ्यात मोठी जागा तिने मोकळी सोडली होती. ती पट्टी मी पुन्हा पुन्हा बघत राहिलो. सात-चाळीस बरोबर तिच्या मधून जात होती.

"बाबा, ती बस तू माझ्यासाठी ठेवलीस का?" तिने विचारलं. मी म्हणालो, "चूक झाली." ती म्हणाली, "तू चुकत नाहीस." मी म्हणालो, "आता चुकलोय, घे." मग ती दाराकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाली, "बस असली की मी येईन रे. रोज येईन. आई दारात उभी राहील आणि मला नाही म्हणता येणार नाही. बस नाही म्हणून खोली घेते, असं सांगणं सोपं होतं. तुझ्या पत्रकाच्या मागे लपले होते मी." मी विचारलं, "आम्ही इतके वाईट आहोत?" आणि लगेच मला स्वतःची लाज वाटली, कारण हे वाक्य माझी आई मला म्हणायची. भिंगरीने माझा गुडघा हलवला. "वाईट असता तर कधीच गेले असते. तुम्ही बरे आहात हाच तर वांधा आहे." मला वाईट वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. छातीत एक जागा रिकामी झाली आणि तिथे गार वारा लागला. पण त्याच वेळी, आणि हे मला अजून कोणाला नीट सांगता आलेलं नाही, मला तिचा असा अभिमान वाटला की मी उठून खिडकी उघडली, काहीतरी करायला हवं म्हणून. मग परत त्या कागदाशी आलो. रविवारच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, घरी, सकाळची नऊ-पाच. मी विचारलं, "हे काळ्याने का लिहिलंयस?" ती म्हणाली, "काळी म्हणजे वर्षभर ना? तूच शिकवलंस."

बायकोला सांगायचं राहिलं होतं. सकाळी ती कामावर जायचा पांढरा कोट इस्त्री करत होती. मी तिच्यामागे उभा राहून म्हणालो, "मी पट्टी लावायला सांगणार आहे." इस्त्री थांबली. मला वाटलं, आता मात्र आपलं काही खरं नाही. ती न वळता म्हणाली, "तिने कागद दाखवला?" मी म्हणालो, "तुला माहीत आहे?" "खोक्यावर चिकटवलाय, मी काय डोळे मिटून केर काढते?" मग ती वळली. "तिच्या खिडकीला पडदे मीच शिवून दिले, महिन्यापूर्वीच. तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही रडला असता." मी म्हणालो, "आणि महिनाभर तू माझ्याशी बोलत नव्हतीस ते?" ती म्हणाली, "पोरीने मला पडद्यांचं घरात बोलू नको म्हणून बजावलं होतं. तोंड उघडलं असतं तर पडदे बाहेर आले असते. तुम्हाला वाटलं मी रागावले?" एक महिना मी एका रागाची भरपाई म्हणून भांडी घासत होतो. "मग काल इतकी का गुणगुणत होतीस?" मी विचारलं. तिने कोटाची बाही ताणली आणि म्हणाली, "बस आहे म्हटल्यावर मोह झाला हो. माणूसच आहे मी." तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती, आणि तिने इस्त्री माझ्या हातात देऊन नाक पुसलं. मी कोटाची उरलेली बाही इस्त्री केली. घडी चुकली, पण तिने ती तशीच घातली.

साहेबांना मी एकच शब्द सांगितला, "पट्टी." ते म्हणाले, "माणसं पाठवतो." मी म्हणालो, "चूक माझी, खळ माझी." डेपोतल्या भिंतीवरची मी तिथल्या तिथे झाकली. उरले तेरा थांबे. नवं पत्रक सोमवारपासून लागू होतं, तेव्हा रविवार हाताशी होता, उन्हाळ्याचा शेवटचा रविवार. त्याच कागदाच्या, रकान्याच्या मापाच्या तेरा पट्ट्या मी कापल्या, जास्तीची एकही नाही. भिंगरी म्हणाली, "मी येते, खळीचा डबा कोण धरणार?" खोकी आदल्या दिवशीच मिशीवाल्याच्या गाडीतून पोस्टाच्या वर पोचली होती, तिला स्वतःला सोमवारी सकाळच्या सात-पाचने जायचं होतं. दुपारी आम्ही निघालो. एका थांब्यावर उतरायचं, पट्टी लावायची, पुढची बस धरायची किंवा जवळ असेल तर चालत जायचं. मी पट्टी धरायचो, ती कुंचल्याने खळ लावायची, मी ओळीत बसवायचो आणि तळहाताने वरून खाली दाबायचो. खाली अजून सात-चाळीस दिसते का ते ती डोळे बारीक करून बघायची. "गेली," म्हणायची. पुढचा थांबा. शाळेजवळ एका आजीबाईंनी विचारलं, "काय हो, बस बंद केलीत?" मी म्हणालो, "नव्हतीच." त्या म्हणाल्या, "मग झाकताय काय?" भिंगरी हसत बाकावर बसली, तिला उठवेना. मलाही हसू आवरेना, आणि आम्ही दोघं तिथे खळीच्या हातांनी इतके हसलो की आजीबाई दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या.

मला वाटत होतं प्रत्येक पट्टीसरशी काहीतरी दुखेल. पहिल्या तीन-चारला दुखलंही. मग मात्र काम काम झालं, हाताला लय आली, आणि मधल्या वाटेत ती मला पाणी कसं तपासतात ते सांगत राहिली. बाटली किती खोल सोडायची, रंग कशाने बदलतो, खालचं पाणी आणि वरचं पाणी पानगळीत एकमेकांत कसं मिसळतं. उन्हाळाभर वरचं पाणी उबदार आणि खालचं गार, दोघं आपापल्या जागी. हवा गार झाली की वरचं खाली जातं, खालचं वर येतं, सगळं तळं ढवळून निघतं आणि त्याने पाण्याला वर्षभराचा श्वास मिळतो. "हे बघायला मला तिथेच असायला हवं बाबा, पहाटे," ती म्हणाली. मी विचारलं, "किती वाजता होतं ते?" तिने माझ्याकडे बघितलं. "त्याला वेळ नसते." मी म्हणालो, "असेल, तुम्हाला सापडली नसेल." पण मनात म्हटलं, नसू दे.

तळ्यावर पोचलो तेव्हा सात वाजले होते. नावा काठावर पालथ्या घातल्या होत्या. आइस्क्रीमवाला गाडीवरचं रंगीत कापडी छप्पर गुंडाळत होता, त्याने आम्हाला उरलेलं आइस्क्रीम अर्ध्या भावात दिलं आणि वर ऐकवलं की नाहीतरी विरघळणारच आहे. थंडीने दात शिवशिवले. भिंगरीने पोस्टावरची तिची खिडकी दाखवली. पडदे लागलेले होते, पिवळे. आमच्या स्वयंपाकघरात तोच पिवळा रंग आहे आणि माझ्या ते महिनाभर लक्षात आलं नव्हतं, की उरलेलं कापड कुठे गेलं. तेरावी पट्टी तिने माझ्या हातातून घेतली. "ही मी लावते," म्हणाली. डाव्या बाजूला बोटभर खाली, तिरकी लागली. माझा हात शिवशिवला. तिने विचारलं, "चालेल?" मी म्हणालो, "धावेल."

आणि मग ती आली. खरी सात-चाळीस, उन्हाळ्याची शेवटची, दिवे लावून, मिशीवाला चालवत. आम्ही मिळून पाच प्रवासी. त्याने दाढेवर हात ठेवून आम्हाला सलाम केला. भिंगरी खिडकीशी बसली, मी तिच्या शेजारी, डबा मांडीवर. बस हलली आणि आम्ही दुपारी झाकलेले थांबे एकेक करून मागे जाऊ लागले, दिव्याच्या उजेडात आमच्या पट्ट्या बाकी कागदापेक्षा पांढऱ्या दिसत होत्या. माझ्या अंगाला खळीचा, पाण्याचा आणि गार हवेचा वास येत होता. तिसऱ्या थांब्यानंतर मी डोळे मिटले. झोप आली नव्हती. थकलोही नव्हतो फारसा. पण डोकं कुठेतरी टेकावंसं वाटलं आणि तिचा खांदा तिथे होता, आणि तो तिने जरा वर केला. मग मी डोळे उघडलेच नाहीत. शाळा गेली, वळण गेलं, चढ आला, मी पोटातून ओळखत होतो. आठ-पंचवीस. आता दवाखाना. आता ती दोरी ओढेल, मला हलवेल, म्हणेल बाबा ऊठ. मला तिचा हात वर गेल्याचं जाणवलं. आणि तो तसाच परत खाली आला, हळूच, माझा डबा कलंडत होता तो तिने धरला. दवाखाना निघून गेला. आठ-सव्वीस निघून गेली. सव्वीस वर्षांत मी एवढा गप्प कधी बसलो नव्हतो.

डेपोत दिवे गेले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, पुरे आता. तुला खांद्यावर टाकून नाही न्यायची मी." मी डोळे उघडले. विचारलं, "म्हणजे तेव्हा तू जागी असायचीस?" "दवाखान्याच्या आधीपासून," ती म्हणाली. "तू दोरीकडे हात न्यायचास ना, मी पापणीतून बघायचे. तू ओढली नाहीस की मग झोपायचे." मिशीवाला चाव्या वाजवत आमची वाट बघत होता. आम्ही चालायला लागलो. अकरा मिनिटांचा रस्ता, पण मी घड्याळ बघितलं नाही, त्यामुळे किती लागली ते सांगता येणार नाही. पानं वाजत होती. निम्म्या वाटेत तिचा फोन वाजला, तिने माझ्याकडे बघत तो कानाला लावला आणि म्हणाली, "अगं येतोय आई. बसला उशीर झाला."

पलीकडून बायकोचा आवाज मला इतक्या लांबूनही स्पष्ट आला. "हो का," ती म्हणाली. "रविवारीच बरा होतो."